वरल्या वाडीचा फोन

सोपानअण्णांच्या जीपमध्ये गाणी लावायला बंदी होती. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या बाकीच्या, सीट भरल्या की सुटणाऱ्या वडाप गाड्यांत कान किटतील अशी गाणी चालायची. ड्रायव्हर मान डोलवायचे आणि आम्ही शिक्षक मंडळी मांडीवर डबा धरून, अंग चोरून बसायचो. अण्णांच्या गाडीत फक्त इंजिन बोलायचं. कुणी हौसेनं मोबाईलवर काही लावलंच, तर अण्णा आरशातून बघत म्हणायचे, "बंद करा वो जरा. गाडी काय म्हनती त्ये ऐकू येईना."

मी भोरची. सकाळी एसटीनं कापूरहोळ गाठायचं, तिथून नसरापूर, आणि मग अण्णांच्या गाडीनं खोऱ्यातल्या शाळेत, हा माझ्या नोकरीतला बहुतेक काळाचा रस्ता. अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहावं असं कुणी मला सांगितलेलं नाही. पण परवा माझ्या फोनवर अपडेट आल्याची खूण दिसली, खाली बारीक अक्षरांत तीच ओळ दिसली, आणि मला अण्णांशिवाय दुसरं काही सुचेना.

माणूस उंच, मानेत थोडा वाकलेला. सगळा जन्म गाडीच्या टपाखाली काढल्यावर मान वाकतेच. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर नेहमी कुठलातरी आवाज शोधत असल्यासारखा भाव. पुढच्या सीटचा मान त्यांनी ठरवून टाकलेला होता: आधी बाळंतीण, मग म्हातारं माणूस, मग बाई. बाई म्हणजे मी. शाळेत नव्यानं लागले तेव्हा मला त्या मानाचा संकोच वाटायचा. पुढे पुढे एखादी बाळंतीण गाडीत चढली की जीव बारीक व्हायला लागला.

त्यांच्या कानाच्या गोष्टी खोऱ्यात सगळे सांगायचे. एकदा चांगली पळणारी गाडी त्यांनी भर रस्त्यात थांबवली, खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आतला पट्टा बोटानं उचलून दाखवला. तो तुटायच्या बेतात होता. "मघाधरनं कुरकुर करतूय," म्हणाले. आमच्यापैकी कुणालाच कसलीही कुरकुर ऐकू आली नव्हती. मागे बसलेला एक जण म्हणाला, "अण्णाला बायकूची हाक ऐकू येत न्हाई, पर गाडी कुजबुजली तरी कळतंय." सगळी गाडी हसली. अण्णाही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्यांचं दुसरं काम निरोप्याचं. मोबाईल सगळ्यांच्या हातात यायच्या आधी खालच्या गावातून वरच्या गावात काही सांगायचं तर अण्णांना सांगायचं, असा रिवाज होता. 'बैल बघायला या', 'पोरीला कळा सुरू झाल्या', 'भात काढायला दोन माणसं पाठवा', सगळं त्यांच्या तोंडी. आणि निरोप देताना अण्णा तो नुसता सांगत नसत. ज्याचा निरोप त्याच्याच आवाजात, त्याच्याच शब्दांत द्यायचे. म्हातारीचा असला तर कापऱ्या आवाजात, तावातावाचा असला तर तसाच. एका विहिणीनं दुसऱ्या विहिणीला पाठवलेला निरोप मी स्वतः ऐकलाय. त्यात तीन पिढ्यांचा उद्धार होता. अण्णांनी दारात उभं राहून सगळा उद्धार जसाच्या तसा केला, मग टोपी काढून ओसरीवर टेकले आणि त्याच घरचा चहा प्याले. परत गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अण्णा, जरा गोड करून सांगायचं होतं." ते म्हणाले, "मंग त्यो माजा निरोप झाला, बाई. तिचा कुठं ऱ्हायला? निरोपात आपलं मीठ घालायचं न्हाई."

घर रस्त्याला लागूनच होतं. शालनकाकी, त्यांची बायको, गाडी आली की सुपासकट बाहेर यायची आणि उभ्याउभ्या सगळ्या गाडीची खबर घ्यायची. मला म्हणायची, "बाई, लई वाळला. भोरात काय खायाला मिळत न्हाई का?" बोलायची ती फार. हात तांदूळ निवडत असायचे आणि तोंड चालू. लिहिण्यावाचण्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. शाळा खाली आणि तिचं माहेर वर, डोंगराच्या कुशीत, रस्ता संपतो त्याच्याही वर. त्या वस्तीला कागदावर काही नाव असेल, पण खोऱ्यात सगळे वरली वाडीच म्हणायचे.

अण्णांची जुनी जीप वरल्या वाडीपर्यंत चढायची. कण्हत, धूर सोडत, पण चढायची. मग त्यांनी ती विकली आणि नवी गाडी घेतली. लांबलचक, मऊ सीटांची, दार सरकवायची. खाली सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण तिचं पोट खाली होतं आणि वाडीच्या चढावर ते दगडाला घासायचं. वाडीच्या लोकांनी दोन दिवस खपून चाकोरीत दगड भरले, माती ओढली. अण्णा एकदा वर जाऊन आले. नंतर मात्र गाडी वाडीची वाट फुटते त्या पिंपळाच्या वळणावरच थांबायला लागली. वर जायचं त्यांनी तिथून चालत जावं.

एके दिवशी त्या वळणावर अण्णांची सासू काठी टेकत उभी होती. वरून मुद्दाम चालत आली होती. खिडकीशी येऊन तिनं विचारलं, "जावई, गाडी चढत न्हाई का चढवत न्हाई, त्येवडं सांगा."

आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

"चढत न्हाई, मामी," अण्णा म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे," असं म्हणून म्हातारी वळली आणि वर चालायला लागली. गाडीतले सगळे खिडकीबाहेर बघत होते. शालनकाकी त्या दिवशी गाडीत होती, मागच्या सीटवर. तीही बाहेरच बघत होती. एवढं बोलणारी बाई, पण त्या दिवशी घर येईपर्यंत गप्प राहिली.

अण्णांचे कान कधी जायला लागले ते कुणालाच नीट कळलं नाही, त्यांना तर नाहीच. आधी ते म्हणायला लागले, "ह्या नव्या गाड्या बोलतच न्हाईत, बाई. मुक्या हायेत." आम्ही मान डोलवली. मग पैसे देताना काय म्हटलं ते त्यांना दोनदा सांगावं लागायला लागलं. मग एकदा मागून गुराख्यानं जिवाच्या आकांतानं ओरडूनही त्यांनी गाडी तशीच मागे घेतली. म्हैस वाचली, कुणाला काही झालं नाही. पण अण्णा खाली उतरले, त्या गुराख्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवली नाही. गरज पडली की शेजारचा पोरगा ती काढायचा.

कानाचं मशीन आणलं. त्याचा उपयोग एवढाच झाला की भांडं पडलं की ते दचकायचे. "मशिनीनं आवाज मोटा हुतो, शब्द न्हाई," म्हणायचे. मग त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. समोरच्यानं काही विचारलं की "व्हय" म्हणायचं. दहातल्या आठ वेळा ते खपून जायचं. मी एकदा विचारलं, "अण्णा, आज उपास की जेवलात?" तर ते म्हणाले, "व्हय." आम्ही दोघंही हसलो. ते कशाला हसले ते त्यांनाही माहीत नसावं.

त्या 'व्हय'नंच घात केला. काकीची आई वर वाडीत आजारी पडली. अंथरुणातून उठेना, खाईना. सकाळी वरून माणूस येऊन सांगून गेला. काकीनं अण्णांना सांगितलं, "आईचं काय खरं न्हाई. शेजारच्या पोराला गाडी काडाया सांगा, वळनापतुर सोडंल, फुडं म्या जाते चालत." अण्णा म्हणाले, "व्हय." आणि खळ्यावर निघून गेले. काकी लुगडं बदलून, पिशवी भरून पायरीवर बसली. आता गाडी येईल, मग येईल. दुपारी ते परत आले आणि तिला पायरीवर बघून म्हणाले, "कुठं गेलतीस का?" तोवर वरून दुसरा माणूस येऊन गेला होता. म्हातारी संपली होती.

हे मला काकीनंच सांगितलं, गोठ्याशी उभं राहून. मी म्हटलं, "त्यांना ऐकू आलं नसेल हो." ती म्हणाली, "न्हाई आलं तर काय म्हनायचं आसतंय? काय गं, म्हनायचं. परत सांग, म्हनायचं. व्हय कशाला म्हनायचं?"

तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात, कपडे धुतलेले, औषधाची गोळी पाण्याशेजारी. फक्त शब्द नाही. गावातल्या बायकांशी बोलायची, माझ्याशी बोलायची. त्यांच्यासमोर आली की तोंड मिटायचं. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरला तर त्याला तो कळणार कसा, असं मला वाटलं होतं. पण अण्णांना कळला. ओठ हलताना दिसत नव्हते ना.

एकदा लेकीनं त्यांना पुण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथल्या मुलीनं आपला फोन त्यांच्यापुढे धरला आणि बोलायला लागली. ती बोलत होती तसतशी फोनवर अक्षरं उमटत होती, मराठीतच. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, ओठ हलवत सावकाश वाचायचे. त्यांनी वाचलं: "बाबा, आता तुम्हाला मी काय बोलते आहे ते कळते आहे का?" त्यांनी आपला फोन काढून दाखवला. तो त्याच कंपनीचा होता, पण बराच जुना. मुलगी सहज म्हणाली, आणि तेही तिच्या फोनवर उमटलं: "तुमच्याही फोनला येईल, अपडेट आले की."

झालं. त्या दिवसापासून अण्णा अपडेटची वाट बघायला लागले.

त्यांच्या मनात अपडेट म्हणजे मुक्कामाची गाडी होती. ती सुटते शहरातून, वाटेतली गावं घेत घेत वर येते, आणि वरच्या गावाला ती सगळ्यांत शेवटी पोचायची, हे धरूनच चालायचं. नसरापूरला मोबाईलच्या दुकानाबाहेर बाकडं होतं, तिथे ते येऊन बसायचे. मी एसटीतून उतरले की म्हणायचे, "पुण्यात आलं आसंल. घाट उतरून बी आलं आसंल. आपन लांब पडतो." मी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्याच फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करायचं. मी लिहिलं, अपडेट अंतर बघून येत नाही. त्यांनी वाचलं आणि समजुतीनं म्हणाले, "सगळं अंतर बगूनच येतं, बाई."

एवढी घाई कशाची, तेही त्यांनी सांगितलं. काकीला लिहिता येत नाही. खुणा भाकरीपुरत्या, गोळीपुरत्या. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच उरली नव्हती. "ह्यो फोन लिवायला लागला, की म्या तिच्यापुडं ठिवनार," म्हणाले. "म्हननार, आता बोल. आता व्हय म्हननार न्हाई."

आणि एक दिवस अपडेट आलं. मी उतरले तर अण्णा बाकड्यावरून उठून उभे. फोन दोन्ही हातांनी धरलेला. पडद्यावर रंगीत चित्र होतं, वर 'नवीन काय आहे' असं लिहिलेलं, आणि यादीत तीच सोय: बोललेलं लगेच वाचा. आम्ही दोघांनी फोन उलटापालटा केला. सगळ्या सेटिंग धुंडाळल्या. ती सोय कुठेच नव्हती. मग अण्णांचं बोट त्या चित्राखालच्या बारीक ओळीवर थांबलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं, "काही सुविधा निवडक उपकरणांवरच उपलब्ध."

"निवडक म्हंजी?" त्यांनी विचारलं. मी काही टाइप करायच्या आत तेच म्हणाले, "तांदूळ निवडत्यात तसं? मंग आमी खडं व्हय?"

आम्ही दुकानात शिरलो. दुकानदार विलास, बोलघेवडा आणि थोडा शिष्ट. तो बोलत गेला आणि मी टाइप करत गेले. अपडेटचं नाव सगळ्यांना एकच असतं, पण कुठल्या फोनला आत काय द्यायचं ते फोन बघून ठरतं. बोलणं ऐकून लगेच लिहायचं काम नवा फोन स्वतःच्या पोटातच करतो. त्याला ताकदीची चिप लागते, मेमरी जास्त लागते. अण्णांच्या फोनवर ते चढवलं तर तो तापेल आणि मध्येच अडकेल. नेटवरून लिहून देणारं असतं काहीतरी, ते या फोनवरही चालतं, पण त्याला सतत रेंज पाहिजे, आणि अण्णांच्या घरात रेंज कुठली? तेवढ्यात विलास हसून आणखी एक वाक्य बोलला. ते मी लिहिलं नाही.

अण्णांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्यो हसला त्ये कशाला? त्ये बी लिवा, बाई. निरोप अरदा ठिवू नगा."

मी लिहिलं: काही फोनला झेपत नाही हे खरं, पण काहींना झेपलं असतं तरी देत नाहीत. प्रत्येक जुन्या मॉडेलवर तपासत कोण बसणार? आणि जुन्यालाच सगळं दिलं तर नवा घेणार कोण?

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "मंग माज्या फोनचं काय? झेपत न्हाई, का देत न्हाईत?"

विलासनं खांदे उडवले. त्यालाही ते नक्की माहीत नव्हतं. कंपनी तसं कुठे लिहून देत नाही.

बाहेर येऊन अण्णा बाकड्यावर बसले. हातातला फोन त्यांनी टॉवेलानं पुसला, तो स्वच्छ असूनही. मग म्हणाले, "आमी वरली वाडी झालो, बाई."

लेकीनं नवा फोन पाठवते म्हटलं, तर त्यांनी नाही म्हणून कळवलं. का, तर गाडी चढत नाही म्हणून वाडीनंच खाली येऊन राहावं असं आपण कधी म्हटलं असतं का? मला संताप आला. घरात एक बाई तोंड मिटून वावरते आहे आणि हे तत्त्व कवटाळून बसलेत. मी भराभर टाइप केलं: हा हट्ट आहे. कंपनीचा राग काकीवर कशाला? लेक फोन देते आहे तर घ्या.

त्यांनी वाचलं, फोन खिशात ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "घेतला, आन् तिच्यापुडं ठिवला. आन् तरी बोलली न्हाई तर?"

तेव्हा मला कळलं की ते इतके दिवस नुसती वाट का बघत होते. अपडेट आलं नाही तोवर तिचं गप्प असणं फोनच्या माथी मारता येत होतं. वाद घालायची हौस मला फार आहे, पण त्या दिवशी ती कुठे गेली कोण जाणे.

पुढे माझी बदलीची ऑर्डर आली, भोरच्या पलीकडे, महाडच्या रस्त्याला. आता नसरापूर नाही आणि ते खोरंही नाही. मी अण्णांच्या घरी निरोप घ्यायला गेले. माझा आधीचा फोन मध्यंतरी बंद पडला होता आणि मी नवा घेतला होता. त्यात ती सोय होती, रेंज नसली तरी चालणारी. मी ती घरीच चालू करून बघितली होती. खोटं कशाला बोलू, मी तो ठरवूनच नेला होता.

ओसरीवर काकी सुपात तांदूळ निवडत होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी फोन दोघांच्या मध्ये, सुपाच्या कडेला ठेवला. अण्णांनी पडदा बघितला आणि त्यांना सगळं कळलं. ते सावरून बसले. काकीनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "च्या टाकू का?"

फोननं लिहिलं: चार चाकू का?

अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. काकीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा अण्णाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, काकी, तो शहरातला फोन आहे, त्याला तुमचं बोलणं समजत नाही, जरा सावकाश बोला. ती पुन्हा तांदळाकडे वळली. सुपात बोटं फिरत राहिली. एक खडा तिनं उचलला आणि अंगणात टाकला. चहा मागावा आणि उठावं, असं माझ्या मनात आलं.

मग सुपावरची नजर न काढता, सावकाश, साहेबापुढे बोलावं तशी ती बोलली. पडद्यावर अक्षरं आली: गाडी चढत नाही का चढवत नाही तेवढे सांगा.

अण्णांनी ओठ हलवत ते वाचलं. एकदा, मग पुन्हा. मग त्यांनी तेच वाक्य तोंडानं म्हटलं, पण फोनवर होतं तसं नाही. "गाडी चढत न्हाई का चढवत न्हाई, त्येवडं सांगा." थकलेला, सरळ, काठीवर टेकलेला तो आवाज मी पिंपळाच्या वळणावर ऐकला होता. कान गेलेला माणूस स्वतःचा आवाज धड ऐकू शकत नव्हता, तरी त्यात तसूभरही फरक नव्हता. काकीनं मान वर केली. तिची बोटं थांबली होती. आई गेल्यावर तो आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला असणार.

"चढत व्हती, शालन," अण्णा म्हणाले. आता ते स्वतःच्या आवाजात बोलत होते. "दगड भरल्यावं चांगली चढत व्हती. वर जायाला तीन मानसं, खालच्या खेपंला गाडीभर. म्या चढवली न्हाई."

फोननं तेही लिहिलं, काहीबाही चुका करत. ते वाचायची कुणालाच गरज नव्हती. काकी सूप बाजूला सारून उठली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी च्या घिऊन जावा. म्या वर जाऊन येते. आईच्या घराला कुलूप हाय, उघडून झाडाया पायजे." ती नेमकं कुणाला सांगत होती ते मला कळलं नाही. पण अण्णा फोनवर वाचत होते. ते उठले, टोपी घातली आणि पायताण शोधायला लागले. ती त्यांना या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही.

चहा मीच केला, मीच प्याले आणि कप विसळून ठेवला. अण्णांचा जुना फोन कोनाड्यात चार्जिंगला होता. तो त्यांनी बरोबर नेला नव्हता.

परतीची गाडी तासाभरानं आली आणि मला पुढची सीट मिळाली. पिंपळाच्या वळणावर कुणाला तरी उतरायचं होतं म्हणून गाडी थांबली, आणि मला ते दोघं वाडीच्या चढावर दिसले. काकी पुढे, अण्णा चार हात मागे. इतकी वर्षं मी अण्णांनाच पुढे चालताना बघितलं होतं. मध्येच काकी थांबली, वळली आणि काहीतरी म्हणाली. हातवाऱ्यांवरून ते गोड बोलणं नसावं.

अण्णांनी मान हलवली नाही. ते आणखी दोन पावलं वर गेले, कानामागे तळहात धरला आणि तिच्या ओठांकडे बघत मोठ्यानं म्हणाले, ते खाली गाडीपर्यंत ऐकू आलं, "काय? कळलं न्हाई मला. परत सांग."

तिनं परत सांगितलं.

"न्हाई कळलं. अजून एकदा सांग."

माझ्या गाडीच्या ड्रायव्हरनं गाणं लावलं आणि गाडी सोडली. मी त्याला म्हटलं, "बंद करा हो जरा." तोवर वळण मागे पडलं होतं.